गिरणीच्या काट्यावर शोभावहिनी

बुधवारी कोरेगावात माझा पार पोपट झाला. डोकं अजून ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय...

बेचाळिसाव्या वर्षी मी मानसशास्त्रात एम.ए. करायला घेतलंय. प्रबंधाचा विषय, चाळिशीपुढच्या बायका आपल्या शरीराबद्दल किती समाधानी असतात. फॉर्म एकदम साधा... उंची लिहा, वजन लिहा आणि समाधानाला पाचपैकी मार्क द्या.

फॉर्म भरून झाले, मी खूश होऊन सांगलीला माझ्या गाइड सरांना दाखवायला गेले. सरांनी वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. हे बायकांनी सांगितलेलं, की तुम्ही मोजलेलं? मी म्हटलं, सांगितलेलं. मग निदान दहा-बारा जणींचं मोजून आणा, त्याशिवाय मी सही करणार नाही, म्हणाले.

महिन्याभरात सबमिशन आणि यांचं हे! एसटीत साताऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले.

तर बुधवारी घरातला वजनकाटा पिशवीत घालून कोरेगाव गाठलं. पहिल्या शोभावहिनी (नाव बदललंय). माझ्या नणंदेच्या शेजारी राहतात, पिठाची गिरणी चालवतात. फॉर्मवर वजन बावन्न किलो आणि समाधान पाचपैकी पाच. पैकीच्या पैकी देणाऱ्या त्या एकट्याच.

काट्यावर उभ्या राहिल्या... सदुसष्ट.

"आवं ताई, तुमचा काटा बिघडलाय."

मलाही तेच वाटलं, एसटीत आदळला असेल. वहिनी तरातरा दळणाच्या काट्याकडे गेल्या. "ह्यात खोट न्हाई. समदं गाव ह्याच्या भरवशावर दळण देतंय." चपला काढून वर चढल्या. सदुसष्टच, वर तीनशे ग्रॅम.

दळणाला आलेल्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, वहिनींनी फॉर्मवर चांगलीच थाप मारली होती. पण नाही हो... बावन्न हे धाकट्या लेकीच्या वेळचं, सरकारी दवाखान्यातल्या कार्डावरचं. ती लेक आता कराडला सासरी आहे. मधल्या वर्षांत वहिनींचं वजन कुणी विचारलंच नाही, आणि त्यांनाही कधी मोजावंसं वाटलं नाही.

मी नवा आकडा टिपून घेतला. सरांचं बरोबर निघालं, याचा जरा रागही आला. तेवढ्यात वहिनींनी फॉर्म मागून घेतला आणि समाधानाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ताई, ते पाच खोडा. दोन करा."

दहा मिनिटांपूर्वी हीच बाई ज्वारीचा डबा एका हाताने उचलून हसत बोलत होती. मी म्हटलं, अहो वहिनी, राहू दे की! तर म्हणाल्या, "न्हाई, खरं ते लिवा." मग चहा आला. त्यांनी स्वतःपुरता बिनसाखरेचा करायला सांगितला.

संध्याकाळी सरांना फोन केला. कोणता आकडा घालू? वजन नवं घाला, समाधान मोजण्याआधीचं ठेवा, म्हणाले. म्हणजे सदुसष्ट किलोची बाई, पाचपैकी पाच. पण सर, ते पाच तर त्यांनी बावन्न किलोच्या बाईला दिले होते ना? की बावन्न-सदुसष्टचा काही संबंधच नव्हता, आणि त्या आपल्या नुसत्याच मजेत होत्या? सर म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगताहेत.

एक्सेल उघडून बसलेय. पाच लिहिते, खोडते, दोन लिहिते, परत खोडते... आणि उरलेल्या जणींकडे काटा घेऊन जायला पाय उचलत नाहीये.

शोभावहिनी, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी सांगते. वेळ दिलात, खरं बोललात, मनापासून आभार. तुम्ही समाधानी आहात का, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही होता हो... मी येऊन मोजेपर्यंत होता.