वगळलेल्या चार ओळी

लंडनच्या क्रॉयडन भागात आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारे कवी राहतात. कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावर ते पोस्टात कारकून होते. साखर कारखान्यात संप झाला, तेव्हा त्यांनी गेटवर उभं राहून मजुरांसमोर कविता वाचली. नोकरी गेली आणि आठ महिने तुरुंगात काढावे लागले. मग इथे येऊन आयुष्यभर बस चालवली, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः छापलेल्या कवितांच्या पुस्तिका बाजारात उभं राहून विकल्या. माझी मुलगी त्यांना ‘आजोबा’ म्हणते, ते त्यांना फार आवडतं.

दोन वर्षांपूर्वी लायब्ररीत त्यांच्या कवितांचा कार्यक्रम ठरला. एक कविता चार-पाच भाषांत वाचायची होती. ते धापा टाकत जिना चढून आले.

“मराठीत तू करशील?”

मी लगेच हो म्हटलं. नागपूरला कॉलेजात असताना मोर्चांत घोषणा दिल्याचं मी त्यांना आधीच मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं.

भाषांतराला तीन आठवडे लागले. जेवताना मी मोठ्याने वाचून बघायची, त्यामुळे मुलीला ते पाठच झालं. शेवटच्या ओळी अशा होत्या:

ज्या काचेच्या दारात माणूस असल्याचा पुरावा मागता,
तिथे आता आम्ही थांबणार नाही.
रांग मोडू, टेबलं उलथवू,
आणि आमची नावं आम्हीच लिहू.

नेमका त्याच महिन्यात माझा इथल्या कायम वास्तव्याचा अर्ज गेला होता.

कार्यक्रमात वाचायला उभी राहिले, तर दुसऱ्या रांगेत ऑफिसमधला एक मराठी सहकारी फोनवर व्हिडिओ काढत होता. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी अर्ज आठवला. हा व्हिडिओ कुठे जाईल, कोण बघेल? शेवटच्या ओळींशी आले आणि कागदाची घडी करून थँक्यू म्हणाले. टाळ्या पडल्या. आजोबांनी मला मिठी मारली. त्यांचे डोळे ओले होते.

“शब्द कळले नाहीत, पण माझीच कविता होती ती,” ते म्हणाले.

ते मित्रांबरोबर मागे थांबले. आम्ही दोघी ट्रामने घरी निघालो. मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी मोडकंतोडकं.

“आई, तू लास्टचा चार ओळी नाही म्हटला.”

“वेळ कमी होता गं.”

“पण तू तर स्लो वाचत होता.”



अर्ज मंजूर झाला. कवितेबद्दल कुणी काही विचारलं नाही, कधी विचारणारही नव्हतं. पुढे काही महिन्यांनी मी एकदा त्यांच्याकडे डबा द्यायला गेले. मी टाइप करून दिलेलं मराठी पान त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, पूर्ण पान. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत असत. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

ते फ्रेमजवळ गेले. “कुठल्या ओळी?”

मी काचेवर बोट ठेवलं. त्यांनी त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं.

“भीती वाटली?”

“हो.”

“गेटवर मलाही वाटली होती.” ते खुर्चीत बसले. “पण हे तू मला त्याच दिवशी सांगायला हवं होतंस. मी लोकांना सांगत सुटलो, की माझी कविता मराठीत पोचली.”

मी सॉरी म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि उठून चहा ठेवला.

अजूनही जिन्यात भेटले की मुलीच्या परीक्षेची चौकशी करतात, आमचं पार्सल आलं तर घेऊन ठेवतात. पूर्वी नवीन कविता लिहिली की आधी वर यायचे. आता येत नाहीत. काय लिहिताय, असं विचारायचं तोंड मला नाही.