फ्रीजरमध्ये पास झालेली वायर

सेन्सरची वायर रात्रभर आमच्या घरच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली ठेवली होती. सकाळी बोटाला गुंडाळून पाहिली. मऊच होती. मी तिला पास केलं आणि शहाद्याजवळच्या एका कृत्रिम रेतन केंद्रात बसवून टाकली.

तिथे वळूंचं वीर्य बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात. तापमान उणे एकशे शहाण्णव. नायट्रोजन सारखा उडत असतो. संपला की नळ्या वाया. डॉक्टर वळवी मॅडम रोज पट्टी बुडवून पातळी बघायच्या. मी आत सेन्सर सोडला, बाहेर भोंगा लावला. पातळी उतरली की वाजणार. "आता पट्टी राहू द्या, मॅडम," हेही मीच म्हणालो. जरा ऐटीतच.

मग एके सकाळी मॅडमचा फोन. "लगेच या."

गेलो. हिरवा दिवा चालू, भोंगा गप्प आणि कॅन कोरडा. बाहेर एक शेतकरी, बापू, गाय घेऊन उभे. त्यांना हव्या त्या गीर वळूच्या शेवटच्या नळ्या याच कॅनमध्ये होत्या. वळू तर केव्हाच गेला.

सेन्सर वर ओढला. वायरचं इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचं प्लास्टिक, पापडासारखं तडकलं होतं. नायट्रोजन भरताना दर वेळी वायर कॅनच्या तोंडाशी वाकायची, तिथेच चिरा पडल्या. चिरांत साचलेला बर्फ वितळून पाणी झालं, दोन्ही तारा जोडल्या गेल्या, आणि यंत्राला कॅन कायम भरलेलाच दिसत राहिला.

"टेस्ट केली होती ना?" मॅडमनी विचारलं.

"केली होती."

"कुठे?"

"घरी. फ्रीजरमध्ये."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बापू म्हणाले, "भाऊ, गाय माजवर शे. तिले काय सांगू, वायर बदलीपावत थांब?"

बापू गाय घेऊन परत गेले. मी मान वर केली नाही.

आता तिथे टेफ्लॉनची वायर आहे, खऱ्या नायट्रोजनमध्ये बुडवून, वाकवून पाहिलेली. पट्टीही रोज बुडते. अलार्म पट्टीच्या जोडीला असतो, तिच्या जागी नाही, एवढं मला कळलं. फक्त ते शिकायला दुसऱ्याची गाय लागली.

घरी सगळं सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"आपल्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमसुद्धा धड घट्ट होत नाही," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी."