माहेरचं नाव, सासरचं नाव

अंबाजोगाईच्या रुग्णालयात रुग्णसेवा विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झालो, त्या दिवशी शेवंता सिस्टर मला पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "सर, बूट काढा आन् आडवं व्हा."

समोर स्ट्रेचर होतं. नवा माणूस झाडूवाला असो की डॉक्टर, त्याला स्ट्रेचरवर घालून सगळा दवाखाना फिरवायचा, हा त्यांचा शिरस्ता. मी लाजत आडवा झालो. वर पंखे, ट्यूबलाइटी आणि मधूनच डोकावणाऱ्या नाकपुड्या. ढकलणारे दोघं माझ्या अंगावरून कुठल्याशा लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते. एक्स-रेच्या दारात मला सोडून ते निघून गेले. वीस मिनिटांनी सिस्टर आल्या.

"कसं वाटलं?"

"कुणी काही सांगितलंच नाही हो."

"धडधाकट माणसाला एवढी फिकीर, मंग दुखणाईताला किती आसंल? लिवा तुमच्या वहीत."

बुटक्या, काळ्यासावळ्या, अंबाड्यात पेन खोचलेला, बोलणं सरळ तोंडावर. आमच्या संस्थेची तीन रुग्णालयं. मोठं अंबाजोगाईला, लहान दोन पाटोद्याला आणि दिंद्रुडला. तिन्हीकडच्या नव्या परिचारिका आणि आया सिस्टरांच्या हाताखालून जायच्या. त्यांच्यासमोर कुणी "आठ नंबरला सलाईन लावा" म्हणालं की संपलंच. "आठ नंबर कोण? खाट का बाई?" त्या पाटोद्याकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. म्हणायच्या, "माझ्या बापापशी दीडशे मेंढरं. एकेकीला तोंडावरनं वळखायचा. आन् तुमाला बारा बाया वळखू येत न्हाईत व्हय गं?"

पण त्यांचा खरा धडा नावाचा होता. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लग्नात मुलीचं नाव बदललेलं असतं. कागदावर सासरचं नाव, सोबत आलेली आई मात्र जन्माच्या नावानं हाक मारते. म्हणून सिस्टर सांगायच्या, "'तू अमकीच ना?' आसं कधीच इचारायचं न्हाई. गरीब माणूस पांढऱ्या कपड्याला हो म्हणतोय. 'तू चोर हाईस का' म्हणलं तरी 'हो जी' म्हणंल. त्यालाच सांगू द्या. माहेरचं नाव सांग, सासरचं नाव सांग, गाव सांग. मंग सुई." हे त्या दोन दिवस घोटून घ्यायच्या. खोटे रुग्ण उभे करायच्या, मुद्दाम चुकवायच्या, चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

आता जे लिहायचं आहे ते मी चार वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

मानांकनाची तपासणी जवळ आली होती. सात नव्या परिचारिका आलेल्या, वॉर्डात हात कमी. प्रशिक्षणाचं रजिस्टर भरलेलं दिसायला हवं होतं. मी सातही जणींना ऑफिसात बोलावून दोन्ही दिवसांच्या सह्या घेतल्या आणि खाली माझी सही केली.

सिस्टर तावातावानं आल्या. "सर, आधी शिकवू द्या, मंग सही घ्या. हे उलटं कावून?"

"तपासणी होऊ द्या सिस्टर. मग दोन काय, चार दिवस घ्या."

"आन् तवर ह्या पोरी वॉर्डात काय करतील?"

"करतील हो. शिकून आल्यात त्या."

तपासणी पार पडली. शाबासकी मिळाली. प्रशिक्षण पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या आठवड्यात, असं मीच ढकलत राहिलो.

एका दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डात मंगल नावाच्या बाईसाठी रक्ताची पिशवी आली. नव्या सात जणींपैकी एक ती घेऊन दारात उभी राहिली. "मंगल कोण?"

दिंद्रुडकडची एक आई लेकीच्या उशाशी बसली होती. लेक कागदावर प्रतिभा. जन्माची मंगल. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, हिच्या अंगात रक्त कमी आहे. आईनं हात वर केला. "हिकडं वो बाई, हिकडं."

"मंगलच ना?"

"हो जी."

रक्त सुरू झालं. ज्या मंगलसाठी ते होतं, ती पलीकडच्या ओळीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

सिस्टर फेरीवर आल्या तेव्हा पोरगी थडथड कापत होती, कंबर धरून रडत होती. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं आणि आधी नळी बंद केली. मग ओरडल्या. तेवढं मोठ्यानं ओरडलेलं त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. मी धावत गेलो तेव्हा स्ट्रेचर निघालं होतं. सिस्टर त्याच्या बाजूनं पळत होत्या आणि पोरीच्या कानाशी सांगत होत्या, "तुला आयसीयूत नेतोय बाळे. मी हाय संगं. डोळे उघडे ठिव."

दुसऱ्या गटाच्या रक्तानं पोरीच्या किडन्या बसल्या. लघवी होईना. सहा दिवस आम्ही फक्त एवढंच विचारत होतो, झाली का? डायलिसिस चालू होतं. बाळ आजीच्या मांडीवर, वरच्या दुधावर. सिस्टर घरी गेल्या नाहीत. सातव्या दिवशी थोडी लघवी झाली, तेव्हा त्या भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. पोरगी वाचली, पण उठून घरी जायला दीड महिना लागला.

चौकशी बसली. विश्वस्तांपैकी तिघं, समोर मी आणि सिस्टर. अध्यक्षांनी विचारलं, "त्या नव्या मुलीचं प्रशिक्षण झालं होतं ना?"

"न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "सह्या घेतल्या, शिकवलं न्हाई. सर बसलेत, त्यांना इचारा."

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "काय हो, झालं होतं ना?"

समोर रजिस्टर उघडं होतं, खाली माझी सही. खरं बोललो तर नोकरी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, "हो. झालं होतं."

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. संतापानं नव्हे. रुग्ण औषध ओकून टाकतो तेव्हा त्या जशा बघायच्या, तसं. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "त्या मायलेकींना काय सांगणार हाव?"

ते पत्रही मीच लिहिलं : 'नातेवाइकांनी रुग्णाची चुकीची ओळख दिल्यामुळे हा प्रकार घडला.' प्रशिक्षणात हलगर्जी केल्याचा ठपका सिस्टरांवर आला. नव्या मुलीला काढलं. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला आणि पाटोद्याला भावाकडं निघून गेल्या. मला बढती मिळाली.

गेल्या महिन्यात नव्या तुकडीसमोर मला 'रुग्णाची ओळख' या विषयावर बोलायला सांगितलं. उदाहरण म्हणून हीच घटना, माझ्याच पत्रातल्या शब्दांत, पडद्यावर आली. चाळीस मुली वहीत उतरवून घेत होत्या. एकीनं विचारलं, "सर, मग त्या आईवर काही कारवाई झाली का?" प्रकृतीचं निमित्त सांगून मी घरी आलो.

रविवारी पाटोदा गाठलं. सिस्टर ओट्यावर एका म्हाताऱ्याची जखम धूत होत्या. पट्टी बांधून होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. मी उभ्यानंच सगळं बोललो. माफीही मागितली.

"मला कावून सांगता? मला ठावंच हाय की." हात पुसत त्या म्हणाल्या. "ती माय चार साल झालं सवताला खाती. लेकीला मीच मारलं आसतं म्हणती. मी दोनदा जाऊन सांगून आले, तिला पटंना. म्हणती, दवाखान्याचा कागद खोटा आसंल व्हय?"

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं.

"मी संस्थेला लेखी देतो सिस्टर. उद्याच."

"द्या. पण आधी तिकडं चला. मीबी येते. येकले गेलात तर वाटंतनं माघारी फिराल."

दिंद्रुडच्या अलीकडच्या वस्तीवर पोहोचलो तेव्हा ती बाई अंगणात तूर पाखडत होती. परका माणूस पाहून तिनं पदर सारखा केला, बाज टाकली, पाणी आणलं. मी पाणी घेतलं नाही. रजिस्टर, सह्या, चौकशी, पत्र, सगळं सांगितलं. मध्ये कुठं अडलो की सिस्टर नुसत्या खाकरायच्या.

बाई माझ्याकडं न बघता सिस्टरांना म्हणाली, "मंग म्या न्हाई ना वो बाई केलं?"

"न्हाई माय."

"म्या हात वर केला व्हता पर."

"तुझ्या लेकीचं नाव घेतलं, तू हात वर केलास. कोणची बी आई करंल."

"म्हंजी म्या न्हाई."

"तू न्हाई, माय. तू न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं आणि सिस्टरांच्या खांद्यावर डोकं टाकलं. मी उठून काहीतरी बोलायला गेलो. सिस्टरांनी तिच्या पाठीवरचा हात न काढता मला मानेनंच फाटक दाखवलं.

"जावा आता तुमी," त्या म्हणाल्या. "आता तिला रडू द्या."