बर्फ पडणार होता, म्हणून ऊन सांगितलं

“तिकडे हवा गरम झाली, ही वाईट बातमी कशी काय?” डिमेलोसाहेबांनी विचारलं.

बैरुतचा ट्रंककॉल नुकताच संपला होता. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका ट्रॅव्हल एजन्सीत मी बुकिंग क्लार्क होतो. डिमेलोसाहेब आमचे मॅनेजर, मूळचे गोव्याचे. त्या वर्षी ईद मार्चमध्ये आली होती. अबू फहद नावाच्या कुवेती व्यापाऱ्याला आई, बायको आणि पोरंबाळं घेऊन लेबननच्या डोंगरावर बर्फ बघायला जायचं होतं. बैरुतपर्यंत विमान, पुढे हॉटेलची बस घाटातून वर. सगळं बुकिंग मीच केलेलं. आणि आता आमचा बैरुतचा एजंट सांगत होता, अ‍ॅव्हलांश येईल, पाठवू नका.

अ‍ॅव्हलांश म्हणजे बर्फाची दरड. मी रत्नागिरीकडचा, दरड मला चांगली कळते. हिवाळाभर उतारावर बर्फाचे थर साठतात. थंडी आहे तोवर ते आपले जागेवर पडून असतात. मार्चमध्ये चार दिवस ऊन तापलं की वितळलेलं पाणी थरांत झिरपतं, खालची पकड सुटते आणि अख्खा उतार रस्त्यावर येतो.

“सरकारनं रस्ता बंद केलाय का?” साहेब म्हणाले.

“नाही.”

“मग? आपण तिकिटं विकतो कासम, हवामान नाही.”

“साहेब, बरोबर लहान पोरं आहेत.”

“मग तूच जाऊन सांग. माझं नाव घेऊ नकोस.”

संध्याकाळी मी अबू फहदच्या दिवाणियात गेलो. दिवाणिया म्हणजे घरातली पुरुषांची बैठक. चारसहा पाहुणे कॉफी पीत बसले होते. अबू फहदनं मुंबईत पुष्कळ वर्षं व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी फर्डं. मी सरळ सांगितलं, “घाटात बर्फ पडणार आहे.”

तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे मासळीच्या पेटीत घालतात तोही बर्फ आणि डोंगरावर पडतो तोही बर्फच. अरबीतही तसंच, दोन्हीला थल्ज. आणि अबू फहदनं जन्मात पाहिलेला बर्फ म्हणजे फॅक्टरीतून गोणपाटात गुंडाळून येणारी लादी.

“लादी पडणार?” तो म्हणाला.

“लादी नाही, डोंगरच खाली येणार. बसवर.”

बैठक हसायला लागली.

“कासम, मी गलबतावर तुफानं काढलीत. मला बर्फाची भीती घालतोस? शरबतात घालतो मी त्याला.”

दरडीचा दाखला देऊन पाहिला. पण कुवेतमध्ये दाखवायला टेकाड तरी हवं ना, सगळं तळहातासारखं सपाट. मला राग आला. त्याची धाकटी मुलगी कोपऱ्यात लोकरी टोपी घालून बसली होती. घामानं थबथबली होती, पण टोपी काढायला तयार नव्हती.

शेवटी मी उठलो. दारापर्यंत पोचवायला आलेल्या अबू फहदनं सहज विचारलं, “थंडी किती आहे तिथे?”

“थंडी कुठली? कडक ऊन पडलंय. त्यामुळेच तर...”

“ऊन?” तो थांबला. “म्हणजे इथल्यासारखं?”

बैठकीतलं हसणंही थांबलं होतं. मग मी काही मागेपुढे पाहिलं नाही.

“हो. चांगलं उकडतंय. लोक नुसत्या शर्टावर फिरतायत.”

“अरे, मग हे आधी नाही का सांगायचं? ऊन दाखवायला म्हाताऱ्या आईला विमानात बसवू? रद्द कर सगळं.”

ईदेच्या दुसऱ्या दिवशी तो उतार खाली आला. हॉटेलची बस गाडली गेली, तीच, जिच्यात ही मंडळी बसणार होती. प्रवासी न आल्यामुळे ती घाटात नुसतीच उभी होती आणि ड्रायव्हर चहाला उतरला होता, म्हणून वाचला. एजंटनं फोनवर हे सांगितलं. ती लोकरी टोपी डोळ्यांसमोरून हलेना.

दोन दिवसांनी अबू फहद वर्तमानपत्र घेऊन ऑफिसात आला. आता आभार मानणार, म्हणून डिमेलोसाहेब टाय नीट करून उभे राहिले.

“तुमचा हा कासम खोटारडा आहे,” अबू फहद म्हणाला. “बस बुडेल एवढा बर्फ होता तिथे. आणि हा म्हणाला, ऊन आहे. पोरगी घरात रडतेय.”

“दोन्ही खरं होतं,” मी म्हणालो.

माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. साहेबांनी माझ्यादेखत त्याची माफी मागितली आणि पुढच्या हिवाळ्याचं बुकिंग तिथल्या तिथे घेतलं.

रिटायर होईपर्यंत मी अ‍ॅव्हलांश हा शब्द पुन्हा कुणापुढे काढला नाही. कुठे धोका आहे असं कळलं, की सांगायचो, तिथे भयंकर उकडतंय. जिवावर उदार झालेली गिऱ्हाइकं मला पुष्कळ भेटली. उकाडा सोसायला तयार असलेलं एकही भेटलं नाही.