कहकशाँने न टाकलेला रकाना

नंदुरबारला माझं छपाईचं दुकान आहे. कहकशाँ मन्सुरी माझ्याकडे लग्नपत्रिकांची डिझाइनं करायची. तिचे अब्बा जहीरभाई गाद्या-रजया भरून देतात. कॉलेज सुटलं की पोरगी येऊन संगणकापुढे बसायची आणि नवरा-नवरीची नावं अशी मांडायची, की गिऱ्हाईक पत्रिका हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहायचं. पुढे ती वेबसाइट करायला शिकली. पहिलं मोठं काम मिळालं ते माझ्या शेजारच्याच गाळ्यातलं.

तो गाळा नवनीत पाटलांचा. मूळचे रनाळ्याचे, घरी बागायती शेती, पण जीव रमला तो प्लॉट आणि घरांच्या दलालीत. सुरतेला कामाला गेलेली आपली माणसं हल्ली गावाकडचं घरसुद्धा मोबाइलवर शोधतात, आणि ती गिऱ्हाइकं परस्पर दुसऱ्यांकडे चालली होती. म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती.

"बंगला गोल गोल फिराले पाहिजे," त्यांनी आपल्या अहिराणीत सांगितलं. "खाले मन्हा हात जोडेल फोटो. आनि एक स्विमिंग पूल."

"नंदुरबारमा स्विमिंग पूलना बंगला कोठे शे, काका?"

"नही शे. पन चांगला दिखस."

कहकशाँने वाद घातला नाही. फक्त त्यांच्या ऑफिसात कोपऱ्यात बसायची परवानगी मागितली. फोन आला की तो स्पीकरवर ठेवायला लावायची आणि ऐकत राहायची. लोक बंगल्याच्या कमानीबद्दल काही विचारत नव्हते. पाणी किती दिवसांआड येतं, प्लॉट एन.ए. म्हणजे बिगरशेती झालेला आहे का, म्हाताऱ्या आईला चालत दवाखान्यात जाता येईल का, हे विचारत होते. तिने वेबसाइट बांधली ती याच प्रश्नांवर. प्रत्येक घरी स्कूटीवर स्वतः गेली, गच्चीवर चढली, समोरच्या गटारीचाही फोटो काढला. एका घराखाली सरळ लिहिलं: पावसाळ्यात गल्लीत पाणी साचतं.

नवनीतकाकांनी कपाळाला हात लावला. पण पुढे वेबसाइट सुरू झाल्यावर पहिली चौकशी आली ती त्याच घराची. चौकशी करणाऱ्या सुरतेच्या माणसाने सांगितलं, "जो पाण्याचं लपवत नाही, तो कागदाचंही लपवणार नाही." काका दोन दिवस ते वाक्य सगळ्यांना ऐकवत होते.

सगळ्यात सुंदर कल्पना होती ती 'बोला' या बटणाची. टाइप करायला लोक बिचकतात, शुद्धलेखनाला घाबरतात. म्हणून तिने असं ठेवलं, की बटण दाबा आणि आपल्या भाषेत बोला. अहिराणी, गुजराती, पावरी, काहीही.

वेबसाइट सुरू होण्याआधी, काम संपत आलं तेव्हा काकांनी एक शेवटची मागणी काढली.

"चौकशीमा समाजना रकाना टाक, बेटा. घरमालक पहिलं तेच इचारतस."

कहकशाँचे हात कीबोर्डवर थांबले. मी तेव्हा बिलं द्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. "तो रकाना मी नही टाकसू, काका," ती म्हणाली.

"कसाले?"

तिने आवाज चढवला नाही. ती लहान असताना अब्बांबरोबर भाड्याचं घर पाहायला गेली होती, तेव्हाचं सांगितलं. घर उघडं होतं, किल्ली मालकाच्या हातात होती. नाव ऐकलं आणि तो म्हणाला, घर कालच गेलं. परत येताना अब्बांनी तिला उसाचा रस पाजला. "तुम्हाला रकाना हवाच असेल तर दुसऱ्याकडून टाकून घ्या," ती म्हणाली, "माझं नाव मात्र वेबसाइटच्या खालून काढा." पहिल्याच मोठ्या कामावर पाणी सोडायची तिची तयारी होती. काकांनी दुसरं कोणी शोधलं नाही. रकाना तसाच राहिला, म्हणजे नाहीच आला.

पुढच्याच आठवड्यात 'बोला'वर एक निरोप आला. काकांनी माझ्यादेखत लावला. शाळेतल्यासारखी जपून बोललेली मराठी होती. "नमस्कार. मी रमिला. मोलगीकडची आहे, इथे नर्स आहे. वेबसाइटवरचं दोन खोल्यांचं घर मला आवडलं. आम्ही पावरा आदिवासी आहोत. आधीच सांगते, म्हणजे तुमचीही चक्कर वाया जायला नको."

काकांनी तो निरोप पुन्हा लावला. कोणी विचारलं नव्हतं, तरी बाईने स्वतःहून सांगून टाकलं होतं. इतक्या वेळा तिला ते सांगावं लागलं असणार. काका खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी मालकाला, जगदीशला, फोन लावला आणि तो आढेवेढे घ्यायला लागला तसे म्हणाले, "घर इकानं शे ना? मंग मानूस पाहिजे का जात पाहिजे?"

जगदीशने नाही ते नाहीच म्हटलं. काकांनी त्याचं घर त्याच दिवशी वेबसाइटवरून उतरवलं. तो त्यांचा जुना माणूस होता, पुढे बोलणंही बंद झालं. पण रमिलाबाईंना घेऊन काका स्वतः गाडीत फिरले, कहकशाँ सोबत. चौथं-पाचवं घर असेल. लहान, पण कोपऱ्यावरचं, हवेशीर. मालकीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "मागचा कडुलिंब तोडणार तर नाही ना?"

"नाही तोडणार," रमिलाबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर घेते आहे."

आज कहकशाँकडे शहादा-तळोद्याची कामं येतात. तिथलाही एखादा दलाल त्या रकान्याचा आग्रह धरतो आणि ती तितक्याच शांतपणे नाही म्हणते. एक-दोघे उठून गेलेही. रमिलाबाईंकडे घरभरणीचं जेवण झालं, तेव्हा काकांनी तिची ओळख पाहुण्यांना करून दिली. काय करते, हे सांगताना ते जरा अडखळले, मग म्हणाले, "ही पोर मन्ही मास्तरीन शे."

कहकशाँ लाजली आणि पंगतीत भाकरी वाढायला उठली.