बाराच्या जागी सोळा

शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. पुढची अक्षरं शिकले ती उलटी, डिचोलीच्या छापखान्यात.

नवरा मुळगावच्या खाणीवर होता. तो गेला तेव्हा पदरात दोन पोरं. छापखान्यात झाडू मारायला लागले. मग मालकानं छापून झालेले शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायला बसवलं. लग्नाच्या पत्रिकेतलं 'श्री' नि बाराव्याच्या पत्रिकेतलं 'श्री' एकाच खणात झोपायचं, देवानं कधी कुरकुर केली नाही. रडायला सवड नव्हती. शिशाच्या हातांनी डोळे पुसू नको, असं अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तेवढं मी पाळलं.

खिळ्याची उंची पॉइंटात मोजायची. बाराच्या सहा ओळी फट न ठेवता एकाखाली एक लावल्या की एक इंच, म्हणजे बहात्तर पॉइंट. एवढं गणित मला येतं, त्यावर मी पोरं वाढवली.

आता मी पेडण्यात मुलाकडे असते. सून कॉम्प्युटरवर वेबसाईट करायला शिकली, नि बसस्टँडजवळ छपाईचं दुकान घातलं. पहिलं मोठं काम आलं देवळाच्या कमिटीचं, आरत्यांचं पुस्तक. सोळा पानं, त्यात सात पानं कमिटीवाल्यांच्या फोटोंची. अध्यक्ष म्हणाले, "अक्षर बारा पॉइंट होया. म्हाताऱ्या बायकांका चष्म्याबगर दिसाक होया."

सुनेनं नमुना काढून दिला. अध्यक्षांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"ही काय मुंग्यांची रांग सोडलंस गो? उद्यापर्यंत कर, नायतर काम म्हापशाक दितंय."

ते गेल्यावर सून रडकुंडीला आली. "आये, मी बाराच टाकलंय. बघ, पडद्यार केवढा दिसता!"

पडद्याचं काय, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो हवा तेवढा फुगतो. मी ब्लाऊजची मापटेप घेतली नि कागदावर ठेवली. ओळी चिकटूनच होत्या. एका इंचात मोजल्या, आठ.

"बाये, ह्या बारा न्हय. ह्या नऊ."

"कसां कळलां तुका?"

"सहाच्या जागी आठ बसल्यो. तीन पॉइंट तुझ्या कॉम्प्युटरान खाल्ल्यान."

सून पडद्याला नाक लावून बसली. मग कपाळावर हात मारला. वेबसाईटच्या सवयीनं तिनं बारा पिक्सेल टाकले होते. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका. कॉम्प्युटरच्या हिशेबात इंचात शहाण्णव पिक्सेल, नि आमचे पॉइंट बहात्तर.

"म्हणजे चाराचे तीन होतत," मी म्हटलं. "बारा पॉइंट होये तर सोळा टाक."

तिनं सोळा टाकलं. कागद काढला, टेप लावली, सहा ओळी. पण आरत्या नऊ पानांत बसल्या होत्या, त्यांना आता बारा लागली. पुस्तक सोळाचंच. तीन पानं आणायची कुठून?

"देवाक कमी करूक येयत?" मी विचारलं.

"नाय."

"मगे कमिटीक कर."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बायकोला घेऊन आले. सुनेच्या नव्या नमुन्यात त्यांचा आख्ख्या पानाचा फोटो आता पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता, शेजारी सेक्रेटरी नि खजिनदार, तेवढेच.

"माझो फोटो खंय?"

"खालच्या बाजूक बघा, गावतलो," मी म्हटलं.

ते लाल झाले. "चल गो, म्हापशाकच दिवया!" सुनेचं तोंड पांढरं पडलं. दुकान उघडून तीन महिने झाले होते, हे काम गेलं तर गावात दुसरं कोण देणार?

बायको जागची हलली नाही. तिनं चष्मा काढून पर्समध्ये टाकला, नमुना हातभर लांब धरला नि पहिली आरती सुरवातीपासून शेवटपर्यंत वाचली. कुठं अडली नाही. अध्यक्ष दारात उभे.

"छाप गो बाये," ती सुनेला म्हणाली. "ह्यांका मी रोज बघतंय. आरती आज पयल्यांदा दिसली."