टिलबर्न साहेबांचे दोरखंडवाले पूर्वज

"जसिंता, मला सात आजोबा हवेत. पुढच्या मंगळवारच्या आत."

सकाळचे साडेसात वाजले होते. मी नुकता कॉम्प्युटर चालू केला होता. आमचे जनरल मॅनेजर टिलबर्न साहेब कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलासमोर उभे होते.

"सात काय, सर?"

"आजोबा. बापाचा बाप, त्याचा बाप, असे. नावं आणि पुरावे. तू डॉक्युमेंट कंट्रोलर आहेस ना?"

आहे. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी आहे. जहाजांना आणि क्रेनला लागणारे दोर आम्ही विकतो, जोडून देतो, तपासून देतो. तिथे मी सतरा वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे काय, हे माझ्या वसईच्या नातेवाइकांना अजून समजलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्याकडे प्रत्येक ड्रॉइंगला एक नंबर असतो आणि ते किती वेळा बदललं त्याचाही एक नंबर असतो. कागदावर माझा शिक्का पडला तरच तो वर्कशॉपमध्ये जातो. शिक्क्याला चार कोड. ए म्हणजे मान्य. बी म्हणजे मान्य, पण सोबतची सूचना वाचा. सी म्हणजे सुधारून परत आणा. डी म्हणजे घरी न्या.

यात आजोबा कुठे बसतात ते मला कळेना. मग साहेबांनी खरी गोष्ट सांगितली.

आधीच्या गुरुवारी ते आमच्या चेअरमनच्या घरी समैस्माला गेले होते. चेअरमन कतारी. त्यांना सगळे बू खालिद म्हणतात. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, पंधरा-वीस जण बसलेले. बोलता बोलता बू खालिदनी आपली वंशावळ म्हणून दाखवली. अमुकचा बाप तमुक, त्याचा बाप हा, करत करत अकरा नावं, न अडखळता. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "यल्ला, मिस्टर टिलबर्न. युवर टर्न."

साहेब तिसऱ्या नावावर अडकले. सगळे थांबून बघत राहिले. तेव्हा लाज वाचवायला साहेब म्हणाले, "पण आम्ही सात पिढ्या दोरवाले आहोत. अमेरिका नवीन होती तेव्हापासून. आमचा मूळ पुरुष एनॉक टिलबर्न, दोरखंड बनवायचा. त्याची स्वतःची मिल होती."

बू खालिद इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पुढच्या मंगळवारी नव्या शोरूमचं उद्घाटन आहे. दारात पितळी पाटी लावायची. अरबी आणि इंग्रजी. सात पिढ्या, सातही नावं. साहेबांनी ती म्हणायचीही.

"पाटी बनायला गेली," साहेब म्हणाले. "आता फक्त पुरावे हवेत."

आमच्या धंद्यात याला उलटं काम म्हणतात. आधी वस्तू, मग ड्रॉइंग.

साहेबांकडे त्यांच्या आत्याने हाताने काढलेलं वंशवृक्षाचं एक चित्र होतं. पानं, फांद्या, बुंध्याशी एनॉक. त्याची मिलही काढलेली, चाकासकट. मी प्रत्येक पूर्वजाला एक नंबर दिला आणि प्रत्येकासाठी एक फोल्डर उघडलं. नियम एकच. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये कागद हवा. कागद नसेल तर सी.

पहिले पाच सोपे गेले. अमेरिकेतल्या गावांची जन्म-मृत्यूची जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात. शिवाय एनॉकच्या गावात जुने कागद सांभाळणारी एक छोटी संस्था होती. तिथल्या डोरोथीबाईंना मी ईमेल लिहिला. निवृत्त लायब्रेरियन. दोह्यात दुपार झाली की त्यांचं उत्तर यायचं, सोबत तीन-चार स्कॅन आणि त्यांच्या मांजराची तब्येत.

चौथ्या दिवशी डोरोथीबाईंनी मोठा मासा पाठवला. एनॉक टिलबर्न हयात असताना गावाने करासाठी केलेली त्याच्या मालाची यादी. खरोखर मिलवाला. खरोखर दोरवाला. पण यादीतलं निम्मं सामान मला समजेना. मी प्रिंट घेऊन वर्कशॉपमध्ये दत्ताकडे गेले.

दत्ता आवळे आमचा सगळ्यात जुना स्प्लाइसर. दोराला दोर असा जोडतो की जोड शोधून सापडत नाही. गाव जतच्या बाजूला. मी इंग्रजी वाचत गेले, हिंदी-मराठीत सांगत गेले. तंतू विंचरायची दातेरी फळी. पीळ द्यायचं चाक. डांबराची कढई. आणि एक भलीमोठी लांब शेड, जिच्यात माणूस उलटा चालतो.

दत्ता हसायलाच लागला. "ताई, ह्ये तर आमच्या घरचं सामान लिवलंय की!"

"म्हणजे?"

"आमचा बाप घायपात कुजवायचा, बडवायचा. त्याचा वाख, म्हंजी तंतू, काढायचा. वाख कमरंला गुंडाळायचा आन् मागं मागं चालत जायाचा. जेवढं मागं जाईल तेवढी दोरी. म्हणून लांब जागा लागती. कासरा, दावं, सोल, चऱ्हाट, सगळं आमच्याच दारात व्हायचं. बापाचा बाप त्येच करायचा. त्येचा बाप बी."

त्याने स्टोअरमधून मनिला दोराचा तुकडा आणला. उसवला, तंतू मोकळे केले, कमरेला गुंडाळले. हेल्परला एक टोक फिरवायला दिलं आणि वर्कशॉपच्या पहिल्या कप्प्यापासून, म्हणजे बे नंबर एकपासून, उलटा चालत निघाला. बघता बघता बोटांतून दोरी निघत गेली. फोर्कलिफ्टवाला थांबला. दोन फिलिपिनो इन्स्पेक्टरनी फोन काढले. बे नंबर चारला दत्ता टिलबर्न साहेबांवर जाऊन आदळला.

साहेब रागावले नाहीत. दोरी हातात घेऊन ते बघत राहिले.

"हे एनॉक करायचा?"

"असंच करायचा, सर."

"मीही करणार. उद्घाटनाला."

तिथून दोन दिवस आमचे जनरल मॅनेजर कमरेला तंतू गुंडाळून वेअरहाऊसमध्ये उलटे चालत होते. दोन वेळा पॅलेटवर बसले. एका क्लाएंटने मला विचारलं, "तब्येत ठीक आहे ना त्यांची?" मी म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे.

मग सहावा पूर्वज आला. हा जोसेफ. आत्यांच्या चित्रात एनॉकचा मुलगा. गावच्या पुस्तकात नोंद मिळाली: जोसेफ, बापाचं नाव एनॉक टिलबर्न ज्युनियर.

साहेबांना आनंद झाला. "ज्युनियर! म्हणजे एनॉकचा मुलगा एनॉक. सातचे आठ झाले!"

मला मात्र आमच्या गावातले पास्कोल आठवले. आमच्या आळीत दोन पास्कोल. एक मोठा पास्कोल, एक धाकटा पास्कोल. बाहेरच्या माणसाला वाटतं, बाप-लेक असतील. छे. धाकटा दोन वर्षांनी लहान, बस. नातं काही नाही. विहिरीवरून भांडण झाल्यापासून बोलणंही नाही.

मी डोरोथीबाईंना सरळ विचारलं: तुमच्याकडे त्या काळी ज्युनियर म्हणजे मुलगाच का?

उत्तर आलं: अजिबात नाही. गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, लहान तो ज्युनियर. खाली मिलवाल्या एनॉकचं मृत्युपत्र जोडलेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की देवाने मला मूल दिलं नाही, म्हणून मिल बायकोला आणि दोरखंडाची शेड जिथे होती ती जागा पुतण्याला.

"जिथे होती" हे शब्द मला खटकले. होती म्हणजे? शेड गेली कुठे?

दुसऱ्या दुपारी तेही आलं. मिलवाल्या एनॉकने गावाला केलेला मदतीचा अर्ज. एनॉक टिलबर्न ज्युनियर नावाचा मजूर, माझ्याशी कसलंही नातं नसलेला, कामाला लागून तीन आठवडे झालेला, मनाई असताना पेटती चिलीम घेऊन शेडमध्ये गेला. सगळा वाख, सगळं डांबर, अख्खी शेड आणि मिलचं छप्पर जळून खाक. ज्युनियर जिवंत आहे, असं शेवटी लिहिलं होतं. जरा नाराजीनेच लिहिल्यासारखं वाटलं.

मी तो कागद तीनदा वाचला. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

साहेबांनी वाचलं.

"तीन आठवडे तरी होता ना दोराच्या धंद्यात?"

"होता, सर."

"म्हणजे आमचा दोराशी संबंध आहे."

"आहे. आगीपुरता."

"पुतण्याला आजोबा करता येईल?"

"नाही."

"दत्तक?"

"कोणी कोणाला, सर?"

त्यांनी पाटीचं प्रूफ, म्हणजे मजकुराचा छापील नमुना, माझ्यापुढे सरकवलं. 'मिलमालक एनॉक टिलबर्न यांच्यापासून सात पिढ्या.' साइनबोर्डवाल्याची गाडी पाटी घेऊन येणार होती. माझा शिक्का पडला की भिंतीला भोकं पाडायची.

"कोड ए मार, जसिंता. दोनशे वर्षांपूर्वीचं कोण बघायला येतंय?"

नोकरीतला माणूस बॉसला नाही म्हणतो तेव्हा त्याला व्हिसा दिसतो, मुलीची शाळा दिसते, अबू हमूरच्या फ्लॅटचं भाडं दिसतं. तरी मी म्हटलं, "सर, याच शिक्क्यावर विश्वास ठेवून खाली माणसं क्रेनच्या हुकाखाली उभी राहतात. एकदा खोटा मारला तर बाकीच्यांचं काय?"

साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी आधी विमा कंपनीत होतो, माहीत आहे?" ते म्हणाले. "चांगली नोकरी होती. आत्या लहानपणापासून सांगायची, तू दोरवाल्यांच्या रक्ताचा आहेस. म्हणून सोडली. सव्वीस वर्षं मी दोर विकतोय. एनॉकसाठी."

मी प्रूफवर सी मारला आणि निघाले. हे सगळं दत्ताला सांगितलं तर तो डोकं हलवत म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई म्हनत्यात, ताई. हितं तर पीळ कवाच नव्हता."

संध्याकाळी साहेबांनी आत्याला फोन लावला. नव्वदीच्या पुढची बाई. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं. आत्या म्हणाल्या, "आग ना? माहीत होती की. पण बाळा, मिलवाला किती छान माणूस होता. आणि मला मिलचं चाक काढायला आवडायचं. म्हणून मी तो घेतला."

"घेतला?" मी विचारलं.

"घेतला," साहेब म्हणाले. "दुकानातून घ्यावा तसा."

एवढं बोलून ते हसायला लागले. मला आधी वाटलं रडतायत.

मंगळवारी उद्घाटन झालं. खजूर, गहवा म्हणजे अरबी कॉफी, फीत, फोटो. पाटी होती, पण खालची ओळ बदललेली. ओळ साहेबांनी स्वतः लिहिली होती आणि मी तिच्यावर बी मारला होता. बू खालिद दारात थांबले. "यल्ला, मिस्टर टिलबर्न. नेम्स."

साहेबांनी सात नावं घडाघडा म्हटली. शेवटचं म्हणाले, "एनॉक टिलबर्न ज्युनियर. मिलवाला नव्हे. मिलवाल्याची शेड जाळणारा."

भाषांतर करणारा मुलगा मध्येच थांबला. बू खालिदनी त्याला खूण केली, पूर्ण कर. त्याने पूर्ण केलं. मग बू खालिद माझ्याकडे वळले. पुराव्यांची फाइल माझ्या हातात होती.

"प्रूव्हड?"

"सातही, सर. कोड बी. मान्य, सूचनेसह."

"सूचना काय?"

"चिलीम."

बू खालिद आधी हळू हसले, मग इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. डोळे पुसत म्हणाले, "माझ्या अकरांत दोन चोर आहेत. मी नावं घेतो, धंदा सांगत नाही. हा माणूस सांगतो." मग पाटीकडे बघून म्हणाले, "पण ही इथे नको. जिथे कामाची आहे तिथे लावा."

उलटं चालायचा कार्यक्रम साहेबांनी दत्तावर सोपवला. दत्ताने पाहुण्यांसमोर तीस मीटर चऱ्हाट वळलं. बू खालिदनी त्यालाही नावं विचारली. त्याने बाप, आजा, पणजा, खापरपणजा सांगितले. चौघेही दोरवाले. "कागद न्हाई हं ताई," तो मला हळूच म्हणाला. मी म्हटलं, दोरी आहे ना. ते चऱ्हाट आता शोरूममध्ये काचेच्या पेटीत आहे, दत्ता आवळेंच्या नावाने.

आणि पितळी पाटी दोरांच्या स्टोअरच्या दारावर आहे, नो स्मोकिंगच्या लाल गोलाखाली. अरबी आणि इंग्रजीत: 'एनॉक टिलबर्न ज्युनियर यांच्यापासून सात पिढ्या. यांनी पेटती चिलीम आत नेली आणि शेड जाळली.' नवीन माणूस कामाला लागला की सेफ्टी इंडक्शनमध्ये साहेब स्वतः त्याला तिथे नेतात आणि आपल्या मूळ पुरुषाची गोष्ट सांगतात. दर वेळी शेड थोडी लांब होते. मी तिथे असले की मूळ मापाची आठवण करून देते. पाटी लागल्यापासून स्टोअरच्या मागे बिडीचं एक थोटूकही सापडलेलं नाही. सेफ्टी ऑफिसरने इतकी वर्षं लावलेल्या पोस्टरांना हे जमलं नव्हतं.

यातून मी एवढंच शिकले. कोणाचे पूर्वज शोधायला घेऊ नयेत. शोधले की सापडतात, आणि सापडलेला पूर्वज सुधारून परत आणा म्हणून पाठवता येत नाही.